नायरा उधळल्याबद्दल सहा महिने : लागोसमधल्या एका ताऱ्याचं प्रकरण

12 एप्रिल 2024 रोजी लागोसमधल्या फेडरल हायकोर्टाने समाजमाध्यमांवरच्या एका प्रसिद्ध ताऱ्याला सहा महिन्यांची कैद सुनावली. दंड भरून सुटण्याची मुभा दिली नाही. गुन्हा होता समारंभांमध्ये नायराच्या, म्हणजे नायजेरियाच्या चलनाच्या, नोटा उधळल्याचा. अटकेपासून शिक्षेपर्यंत जेमतेम नऊ दिवस गेले. खटला नायजेरियात खूप गाजला. त्यात सापडलेली माणसं सार्वजनिक जीवनातलीच आहेत, तरी त्यांची नावं इथे घेतलेली नाहीत. शिक्षा झालेल्या ताऱ्याला ‘क्ष’ आणि त्याच महिन्यात त्याच कलमाखाली कोर्टात उभ्या राहिलेल्या दुसऱ्या प्रसिद्ध माणसाला ‘य’ म्हटलं आहे. नावांपेक्षा वेगवेगळ्या टप्प्यांवर घेतलेले निर्णय इथे महत्त्वाचे आहेत.

पार्श्वभूमी

नायजेरियाच्या नैऋत्येला, योरुबा लोकांच्या मुलखात, लग्न, बारसं, साठी, वर्षश्राद्ध असं काहीही असलं तरी त्याचा ‘ओवांबे’ होतो. शेकडो पाहुणे, यजमानांनी ठरवून दिलेलं एकसारखं ‘आसो-एबी’ कापड, बायकांच्या डोक्यावर उंच बांधलेलं ‘गेले’ नावाचं वस्त्र, पुरुषांचे ‘अगबादा’ म्हणजे घोळदार अंगरखे आणि पहाटेपर्यंत चालणारा वाद्यवृंद. जुजू किंवा फुजी या योरुबा संगीतप्रकारांतलं गाणारा गायक पाहुण्यांची नावं घेतो, त्यांच्या घराण्याची, पूर्वजांची स्तुती गातो. नाव घेतलं गेलं की तो पाहुणा उठून नाचत पुढे येतो आणि गायकाच्या, नवरा-नवरीच्या किंवा उत्सवमूर्तीच्या कपाळावर एकेक नोट चिकटवतो, खांद्यावरून सोडतो. यालाच तिथे ‘स्प्रेइंग’ म्हणतात. खाली पडलेल्या नोटा गोळा करायला पिशवी घेऊन माणूस उभा असतोच. किंग सनी आडे, एबेनेझर ओबे यांच्या पिढीच्या वाद्यवृंदांना या उधळणीने मोठा आधार दिला. 1970 च्या दशकात तेलाचा पैसा आला तसा हा रिवाज फोफावला आणि पुढे योरुबा मुलखाबाहेरही सगळीकडे पोचला.

तमाशातली दौलतजादा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. नाव पुकारलं जाण्यासाठी पैसा सोडायचा, ही खूण दोन्हीकडे एकच आहे. पण कायद्याने या उधळणीकडे कसं पाहिलं, यात मोठा फरक पडतो. महाराष्ट्राच्या 2016 च्या डान्सबार कायद्यात नोटा उधळायला बंदी आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बक्षिशी द्यायला परवानगी दिली, पण नोटांची उधळण वर्ज्यच ठेवली. तिथे प्रश्न नाचणाऱ्या स्त्रीच्या प्रतिष्ठेचा होता. नायजेरियात प्रश्न नोटेच्या प्रतिष्ठेचा आहे. 2007 च्या मध्यवर्ती बँक कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समारंभात नायरा उधळणं, त्यावर नाचणं किंवा चालणं म्हणजे चलनाची विटंबना. शिक्षा कमीत कमी सहा महिने कैद, किंवा कमीत कमी 50,000 नायरा दंड, किंवा दोन्ही. नव्या कोऱ्या नोटांची विक्री हाही याच कलमाखाली गुन्हा आहे. आणि समारंभाच्या दारात कमिशन घेऊन कोऱ्या नोटांची बंडलं देणारे लोक मात्र लागोसमध्ये कुणालाही माहीत असतात.

कायदा आला तरी उधळण थांबली नाही. जुलै 2021 मध्ये आनंब्रा राज्यातल्या ओबा गावी एका बड्या उद्योजकाच्या आईच्या अंत्यविधीला इतक्या नोटा उडाल्या की त्याच्या चित्रफिती आठवडाभर देशभर फिरत होत्या. त्यातून हसू, हेवा, टीका सगळं उमटलं, पण हा गुन्हा आहे असं सर्वसामान्य माणसाच्या मनात ठसलं नाही.

पहिला धक्का 2023 च्या सुरुवातीला बसला. मध्यवर्ती बँकेने 200, 500 आणि 1000 नायराच्या नव्या नोटा आणल्या, जुन्या बाद होण्याची मुदत तोंडावर आली आणि नव्या मिळेनात. लोक एटीएमपुढे तासन्‌तास उभे राहत होते. नेमक्या त्याच दिवसांत, 28 जानेवारी 2023 रोजी, लागोसच्या लेक्की भागातल्या एका समारंभात एका अभिनेत्रीने नव्या नोटा उधळल्या आणि ती नाचताना त्या पायाखाली आल्या. चित्रफीत पसरली, तिला अटक झाली आणि 1 फेब्रुवारी 2024 रोजी सहा महिने कैद किंवा 3 लाख नायरा दंड अशी शिक्षा झाली. दंडाचा पर्याय तिला मिळाला होता, हे पुढच्या सगळ्यासाठी ध्यानात ठेवायला हवं.

प्रश्न कसा उभा राहिला

जून 2023 मध्ये सरकारने नायराचा दर बाजारावर सोडला. डॉलरला साडेचारशेच्या आसपास असलेला नायरा 2024 च्या सुरुवातीला दीड हजारांपलीकडे घसरला. मार्च 2024 मध्ये महागाईचा दर 33.20 टक्के होता, अन्नधान्याचा 40.01 टक्के. चलन सावरण्याची सगळी जबाबदारी आपल्यावर आहे अशा थाटात आर्थिक गुन्हे आयोगाने, म्हणजे ईएफसीसीने, फेब्रुवारी 2024 मध्ये विशेष पथक उभं केलं. डॉलरमध्ये व्यवहार करणारे आणि नायराची विटंबना करणारे, दोघेही त्याच्या रडारवर होते.

नायरा कोसळला तो तेलाच्या उत्पन्नामुळे, परकी चलनाच्या टंचाईमुळे आणि धोरणांमुळे. लग्नात नोटा उडाल्या म्हणून दर पडत नाही. उधळलेल्या नोटा फाटतात, मळतात, बदलाव्या लागतात, त्याचा खर्च बँकेवर पडतो, हे खरं. पण तो प्रश्न छपाईखर्चाचा आहे. लोकांपुढे मात्र या दोन गोष्टी एकत्र मांडल्या गेल्या. अन्न महागलेलं असताना कुणी नोटांवर नाचतं आहे, हे दृश्य संताप आणणारंच होतं. त्या संतापाला चेहरा हवा होता.

तो चेहरा 24 मार्च 2024 रोजी मिळाला. लेक्कीतल्या एका मॉलमध्ये नॉलिवूडच्या, म्हणजे नायजेरियाच्या चित्रपटसृष्टीतल्या, एका नव्या चित्रपटाचा पहिला खेळ होता. क्ष तिथे आले. क्ष स्त्रीवेशात वावरतात, नायजेरियात त्यांचं नाव घरोघरी पोचलेलं आहे आणि त्यांच्यावर प्रेम करणारे आणि त्यांचा राग करणारे, दोन्ही प्रकारचे लोक लाखोंनी आहेत. त्या रात्री उत्कृष्ट वेशभूषेचा, स्त्रियांसाठीचा पुरस्कार त्यांना देण्यात आला आणि गदारोळ झाला. स्त्रियांचा हक्क हिरावला, अशी टीका झाली. आयोजकांना माफी मागावी लागली. नोटा उधळतानाची चित्रफीत याच रात्रीची. म्हणजे पोलिसी कारवाई सुरू झाली तेव्हा क्ष आधीच देशभरच्या रागाचा विषय होते, आणि तो राग नोटांवरून नव्हता.

3 एप्रिलच्या रात्री ईएफसीसीने क्ष यांना ताब्यात घेतलं. 5 एप्रिलला आरोपपत्र आलं, एकूण सहा आरोप. चार नोटांचे : लेक्कीतले 4 लाख नायरा, आणि आधीच्या तीन समारंभांतले मिळून 90 हजार. बाकी दोन आरोप काळ्या पैशाच्या कायद्याखालचे, कंपनीच्या व्यवहारांची विवरणं नियामक विभागाला न दिल्याचे. उधळलेली एकूण रक्कम 4,90,000 नायरा. तेव्हाच्या दराने 30 ते 35 हजार रुपयांच्या घरात. बड्या ओवांबेमध्ये ही रक्कम किरकोळच. पण तेव्हाचं किमान वेतन महिना 30,000 नायरा होतं. त्या हिशेबाने ही सोळा महिन्यांची मजुरी होते. दोन्ही हिशेब खरे आहेत आणि दोन्ही एकाच शहरातले आहेत.

कोणासमोर कोणते पर्याय होते

ईएफसीसीला ताकीद देऊन सोडता आलं असतं. क्ष यांच्याकडून जाहीर माफी आणि जनजागृतीची मोहीम करून घेता आली असती. आयोगाच्या कायद्यात कलम 14(2) आहे, त्याखाली आरोपीकडून रक्कम घेऊन प्रकरण तडजोडीने मिटवण्याचा अधिकार आयोगाला आहे. आणि चौथा पर्याय खटल्याचा. आयोगाने खटला निवडला, त्याबद्दल मला आक्षेप नाही. कायदा सतरा वर्षं पुस्तकातच पडून राहिला असेल तर एखाद्या ठळक खटल्याने तो लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. आक्षेप पुढे आहे : कोणत्या प्रकरणात तडजोड आणि कोणत्यात खटला, याचा लोकांना कळेल असा निकष नव्हता.

क्ष यांच्यापुढे दोन वाटा होत्या. आरोप नाकारायचे, जामीन मागायचा, आरोपपत्रावर प्राथमिक हरकती घ्यायच्या आणि मधल्या काळात आयोगाशी बोलणी करायची. किंवा लगेच गुन्हा कबूल करून दयेची याचना करायची. पहिल्या वाटेला वेळ लागतो, पैसा लागतो, पण हातात काहीतरी राहतं. दुसरीत सगळं न्यायाधीशांच्या मर्जीवर सोपवलं जातं.

न्यायालयापुढचे मुख्य पर्याय कायद्यानेच आखून दिले होते : दंड, कैद, किंवा दोन्ही.

काय घडलं

5 एप्रिललाच क्ष यांनी नोटांचे चारही आरोप कबूल केले. काळ्या पैशाचे दोन आरोप सरकारी वकिलांनी मागे घेतले. न्यायालयात चित्रफीत दाखवण्यात आली, क्ष यांना दोषी ठरवलं गेलं आणि शिक्षेसाठी पुढची तारीख पडली. कायदा माहीत नव्हता, आपले पन्नास लाख अनुयायी आहेत, एक संधी मिळाली तर त्यांना याबाबत जागं करू, असं क्ष यांनी न्यायाधीशांना सांगितलं. न्यायालयात लिंगाबद्दल विचारणा झाली तेव्हा त्यांनी पुरुष अशी नोंद करून दिली, आणि बातम्यांमध्ये त्याचीही बरीच चर्चा झाली.

12 एप्रिलला निकाल आला. प्रत्येक आरोपासाठी सहा महिने, सगळ्या शिक्षा एकाच वेळी भोगायच्या, दंडाचा पर्याय नाही. चलनाची विटंबना करणाऱ्या इतरांना जरब बसावी, हे कारण न्यायालयाने नोंदवलं.

पाच दिवसांनी, 17 एप्रिलला, य त्याच शहरात दुसऱ्या न्यायाधीशांपुढे उभे राहिले. य हे रात्रजीवनाच्या धंद्यातलं बडं नाव, पैशाची उधळण हीच त्यांची ओळख. आरोप फेब्रुवारीतल्या एका हॉटेलमधल्या समारंभाचे, कलम तेच. य यांनी आरोप नाकारले. 1 कोटी नायराच्या हमीवर त्यांना जामीन मिळाला. वरिष्ठ वकिलांनी आरोपपत्राच्या वैधतेवरच हरकत घेतली. मग आयोगाशी बोलणी झाली आणि जून 2024 मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं : य यांनी 1 कोटी नायरा भरायचे आणि समाजमाध्यमांवर नायराच्या विटंबनेविरुद्ध प्रचार करायचा.

क्ष यांनी हात जोडून जे मागितलं होतं, नेमकं तेच य यांना तडजोडीची अट म्हणून मिळालं. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. कबुलीला सौम्य वागणूक मिळते, असं कोणताही वकील अशिलाला सांगतो. जगभरच्या न्यायपद्धतीत ते तत्त्व मानलं जातं. इथे ज्याने कबूल केलं तो तुरुंगात गेला आणि ज्याने नाकारलं तो घरी राहिला. उद्या एखाद्या तरुण गायकाला याच कलमाखाली पकडलं तर त्याने यातून कोणता धडा घ्यावा?

शिक्षेत मिळणारी नेहमीची सूट धरून क्ष 5 ऑगस्ट 2024 रोजी सुटले. पण प्रकरण संपलं नाही. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका समाजमाध्यमी कार्यकर्त्याने ध्वनिफिती जाहीर केल्या. त्यातला आवाज क्ष यांचा असल्याचं सांगितलं गेलं. काळ्या पैशाचे आरोप मागे घेण्यासाठी 1.5 कोटी नायरा दिले आणि शिक्षेचा काही काळ तुरुंगाबाहेर काढला, असं त्यात बोललं गेलं होतं. क्ष यांनी हे फेटाळलं. तरी संसदेच्या समितीने सुनावणी घेतली, काही तुरुंग अधिकारी निलंबित झाले, गृहमंत्रालयाने चौकशी नेमली. क्ष तुरुंगाबाहेर राहिल्याचं त्या चौकशीत सिद्ध झालं नाही. आत त्यांना खास सवलती मिळाल्याचं मात्र नोंदवलं गेलं. ज्या शिक्षेने व्यवस्थेची जरब बसायची होती, त्या शिक्षेमुळेच व्यवस्था चौकशीच्या पिंजऱ्यात आली.

निकालाचा परिणाम

कायदा लोकांना कळला, हे नाकारता येणार नाही. त्यानंतरच्या महिन्यांत समारंभांमध्ये नोटा अंगावर सोडण्याऐवजी त्या पिशवीत, पेटीत टाकण्याचे प्रकार दिसू लागले. निवेदक ध्वनिक्षेपकावरून उधळू नका म्हणून सांगू लागले. ईएफसीसीची माणसं पाहुण्यांमध्ये बसलेली असतील, ही भीती खरीखुरी होती.

पण शिक्षेचं माप एक झालं नाही. 2025 मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानोच्या एका टिकटॉकरने हाच गुन्हा कबूल केला, तेव्हा तिला सहा महिने किंवा 50,000 नायरा दंड झाला. म्हणजे एकाच कलमाखाली, कबुलीनंतरही, एकाला कैदच आणि दुसरीला कायद्यातला सर्वांत कमी दंड. तिसऱ्या बाजूला य यांचे 1 कोटी. न्यायाधीशांना शिक्षा ठरवण्याचा विवेकाधिकार असतो, असायलाच हवा. पण त्या अधिकाराला मार्गदर्शक चौकट नसली की आरोपी कोण, कोणत्या आठवड्यात सापडला आणि त्याच्याबद्दल लोकांना काय वाटतं, यावर निकाल हलतो असं दिसू लागतं. क्ष यांना त्यांच्या वेशामुळे जास्त शिक्षा झाली, असं निकालपत्र म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. मात्र त्यांच्या शिक्षेवर आनंद व्यक्त करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना नोटांचं दुःख होतं, हे त्या दिवसांतल्या प्रतिक्रिया वाचणाऱ्या कुणालाही कळेल. राजकारण्यांच्या समारंभांतल्या उधळणीच्या जुन्या चित्रफिती लोकांनी तेव्हाच पुन्हा वर काढल्या आणि यांचं काय, असं विचारलं. त्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी क्ष यांच्या बाजूने. दोन दिवस कोठडीत काढलेला, बाहेर लोकांचा रोष असलेला माणूस लवकर सुटका व्हावी म्हणून कबुली देतो, हे समजण्यासारखं आहे. तरी ज्या कायद्यात कैदेची शक्यता उघड लिहिलेली आहे आणि न्यायालयाच्या मनात जरब बसवण्याचा विचार असू शकतो, तिथे शिक्षेबद्दल कोणतीही समजूत न करून घेता केलेली कबुली धोक्याची. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यात शिक्षेबाबत वाटाघाटी करून कबुली देण्याची तरतूद 2015 पासून आहे. ती वाट आधी चाचपडून पाहायला हवी होती. अभिनेत्रीच्या खटल्याचा निकाल फक्त दोन महिने जुना होता. दंडाच्या पर्यायासाठी त्याचा दाखला सर्वांत भक्कम ठरला असता.

ईएफसीसीने तडजोडीचे निकष लिहून जाहीर करायला हवे होते : पहिला गुन्हा, रक्कम, कबुली, प्रचाराची तयारी, यातलं काय असेल तर कलम 14(2) लागू होईल. तसं झालं असतं तर क्ष आणि य यांच्यातला फरक नियमाने समजावता आला असता. आता तो फक्त वकिलाच्या फीने समजावता येतो, आणि गरीब आरोपीच्या मनात तेच घट्ट बसतं.

न्यायालयाकडे दंड आणि सामाजिक सेवा एकत्र करण्याची संधी होती. पन्नास लाख लोकांपर्यंत पोचणारा माणूस स्वतः म्हणतो की मी तुमचं काम करतो, तेव्हा त्याला बंद खोलीत ठेवून त्याचा आवाज सहा महिने गप्प करणं हे चलनाच्याच दृष्टीने तोट्याचं. शिवाय तुरुंगात पाठवलेला प्रसिद्ध माणूस तिथल्या पहारेकऱ्यांसाठी मोह ठरतो. पुढे जे आरोप झाले त्यातले किती खरे हा भाग वेगळा, पण तसे आरोप होतील याचा अंदाज आधीच बांधता आला असता.

आणि एका ठिकाणी या प्रकरणांत कुणी पाहिलं नाही. सगळी कारवाई चित्रफितीपासून सुरू झाली, म्हणून ती चित्रफितीत दिसणाऱ्या माणसावरच थांबली. ज्या सभागृहात उधळण झाली त्याचा मालक, जिथून कोऱ्या नोटांची बंडलं आली तो दारातला विक्रेता, आणि मुळात ती बंडलं बाहेर सोडणारा बँकेचा कर्मचारी, हे या आरोपपत्रांत नव्हते. नोटा विकणं त्याच कलमात गुन्हा म्हणून लिहिलेलं असूनही. सर्वसामान्य ग्राहकाला एटीएममधून मळक्या नोटा मिळत असताना समारंभाच्या दारात पट्टीबंद बंडलं कशी पोचतात, याचा तपास केला असता तर त्यात प्रसिद्ध चेहरा एकही निघाला नसता. पण पुढच्या शनिवारी लागोसमध्ये उधळायला कोऱ्या नोटा मिळणं मात्र खरोखर अवघड झालं असतं.